स्वतंत्र दाराची खोली

मागच्या महिन्यात फोनवर बोलताना तुमच्यातल्या धाकट्याने मला सांगितलं की त्याने गाडीत बसल्या बसल्या परगावची खोली ठरवली. खोलीचा फोटो पाहिला, न्हाणीघराचा पाहिला, खिडकीतून काय दिसेल त्याचाही पाहिला. मग त्याने विचारलं, "आजी, तू माझ्या वयाची असताना हे कसं करायचीस?" मी म्हटलं, "पत्रं लिहायचे." उत्तर खरं होतं, पण अपुरं होतं. उरलेलं आता लिहिते. तुम्ही मराठी सावकाश वाचता हे मला ठाऊक आहे, तेव्हा घडलं त्याच क्रमाने लिहिते.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. इंग्रजी शाळेत शिकून, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि साताऱ्याला घरी बसून वर्तमानपत्रातल्या जाहिराती कापत होते. पिंपरीला औषधाचा एक मोठा कारखाना नव्यानेच सुरू झाला होता. त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस हव्या होत्या. मी अर्ज केला आणि गुरुवारी सकाळी आठ वाजता मुलाखतीला हजर राहण्याचं पत्र आलं. तुम्ही इकडे आलात की ताथवड्याला उतरता आणि तिथून चिंचवडला जाताना दिवे मोजता मोजता कंटाळता. तेव्हा या सगळ्या भागात ज्वारी आणि बाभळी होत्या. पुण्याहून सकाळी निघून आठला पोचवेल अशी सोयीची गाडी नव्हती, म्हणजे आदल्या रात्री तिथेच कुठेतरी मुक्काम करायला हवा होता.

माझे वडील कोर्टात कारकून होते. कागदावर नसलेली गोष्ट झालीच नाही असं त्यांचं मत होतं. त्यांना रजा नव्हती आणि मला भाऊ नव्हता. ते म्हणाले, "राहायची जागा लेखी ठरली तर जा. लेखी नाही तर जायचं नाही." नोकरी हवी तर मुलाखत, मुलाखत हवी तर खोली. इतकं सरळ होतं ते.

मी तीन जोडकार्डं आणली. जोडकार्ड म्हणजे एकाला एक जोडलेली दोन पोस्टकार्डं, एक आपल्या मजकुराचं आणि एक कोरं, उत्तरासाठी. पहिलं मी चिंचवड स्टेशनजवळच्या लॉजला पाठवलं. तिकडून उत्तर आलं: "एकट्या बाईमाणसास खोली देत नाही. सहकुटुंब आल्यास अवश्य यावे." वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे नवरा लागतो." आई आतून म्हणाली, "मग आधी तोच शोधा, नोकरीचं मग बघू."

दुसरं डाक बंगल्याला पाठवलं. त्यांनी एक छापील अर्ज पाठवला. त्यात पहिलीच रिकामी जागा होती ती अधिकाऱ्याच्या हुद्द्याची. तो अर्ज मी तसाच ठेवून दिला.

तिसरं कार्ड कुणाला पाठवावं हे सुचत नव्हतं. शेवटी मी ते "पोस्टमास्तर, चिंचवड" यांच्या नावाने टाकलं. माझा विचार असा होता की गावातलं प्रत्येक घर ज्याला ठाऊक आहे असा एकच माणूस असतो. चौथ्या दिवशी उत्तर आलं. अक्षर बारीक आणि सुंदर होतं. "गावठाणात एका सज्जन घरी एका रात्रीपुरती खोली मिळेल. खोलीस स्वतंत्र दार आहे, आतून कडी आहे, विहीर जवळ आहे. घरी बायकामाणसं आहेत. दुपारच्या गाडीने यावे." वडिलांनी ते कार्ड मुलाखतीच्या पत्राला टाचलं आणि माझ्या हातात दिलं. मला त्या 'स्वतंत्र दार' शब्दांचा फार आनंद झाला. इंग्रजी पुस्तकांतून हॉटेलात खोली घेणाऱ्या बायका मी वाचल्या होत्या. स्वतःची किल्ली पर्समध्ये टाकून त्या फिरायला जात. आपल्याला तसंच काहीतरी मिळणार असं वाटलं.

बुधवारी दुपारी मी चिंचवडला उतरले. पोस्टमास्तर स्वतः पोस्टाच्या पायरीवर उभे होते, साठीच्या आसपासचे, धोतर आणि काळा कोट. त्यांनी मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं आणि म्हणाले, "देवळाच्या हारांचं घर म्हणून विचारा. कुणीही दाखवेल." आणि फार घाईने परत फिरले. ती घाई मला नंतर समजली.

घर बैठं होतं, कौलारू. ओटीवर शेवंती आणि झेंडूचे ढीग होते आणि पन्नाशीची एक बाई केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात फुलं ओवत बसली होती. गावच्या देवळात रोजचे हार या घरातून जात. मी पाय धुऊन पायरीवर चढणार, तर ती म्हणाली, "थांब बाई. तू मास्तरांची पाव्हनी न्हवं का?"

"हो, मावशी."

"बस तिथंच. तुझी खोली हाय, पर अडचन हाय. खोलीत धाकटी हाय."

मला वाटलं, सून आजारी असेल. तसं विचारलंही.

"आजारी न्हाई. कावळा शिवलाय. मी हिशेब घातला व्हता की पुढल्या आठवड्यात बसंल. ती आज सकाळीच बसली."

तुमच्यापैकी दोघींना हे समजावून सांगायची गरज आहे, म्हणून सांगते. त्या काळी बाईला महिन्याची पाळी आली की ती तीन दिवस घरात कशालाच शिवत नसे. ती वेगळी बसे, चौथ्या दिवशी नाहून घरात येई. आमच्या घरीही आई हे पाळत असे, पण साताऱ्याचं घर लहान, तिच्या वाट्याला फक्त एक कोपरा असे. इथे देवाची फुलं दिवसभर घरभर पसरलेली, त्यामुळे हे फार कडक होतं आणि त्यासाठी मागच्या अंगणात एक खास खोली बांधलेली होती. तिला घरात उघडणारं दारच नव्हतं. तिचं दार बाहेर, विहिरीकडे उघडे. मला जे स्वतंत्र दार मिळालं होतं ते हे.

मावशींनी सुई थांबवली नाही. "दोन रस्ते हायत. ओटीवर निज. पर पहाटे मानसं फुलं न्यायला येत्यात, तुला कडी न्हाई मिळायची. न्हाईतर तिच्यासंगं खोलीत निज. पर मग तूबी शिवल्याली. सकाळी न्हाल्याबिगर माझ्या वट्यावर पाय ठेवायचा न्हाई."

"खोलीत झोपते," मी म्हटलं. पोस्टमास्तरांच्या कार्डावर कडी लिहिलेली होती. पण खरं सांगायचं तर मला ती खोली आतून बघायचीच होती.

खोली आठ पावलं लांब आणि पाच पावलं रुंद होती. शेणाने सारवलेली, अगदी स्वच्छ. एक घोंगडी, एक कांबळं, कोनाड्यात दिवा, पाण्याचा वेगळा तांब्या, ताटल्या, आणि भिंतीला टेकून बसलेली धाकटी सून. माझ्याच वयाची असेल. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि घोंगडी अर्धी सरकवली.

मी विचारायला सुरुवात केली. खोली कुणी बांधली? सासऱ्यांच्या आईने. पावसाळ्यात गळते का? गळत नाही. दिवसभर इथे काय करायचं? काही नाही. तांब्या कोण भरतं? थोरली जाऊ. थोरली बसली की? मी. दोघी एकदम बसलात तर? यावर ती जरा हसली. सासूला ती आत्याबाई म्हणे. "मग आत्याबाईस्नी समदे हार एकटीनं करावं लागत्यात. त्या दिशी देवालाबी उशीर."

मग तिने एक प्रश्न विचारला, "कारखान्यात बाईमानसानं काय करायचं?"

मी सांगितलं की तिथे एका बुरशीपासून औषध काढतात. ते जखमेवर चालतं, छातीच्या दुखण्यावर चालतं.

"बुरशी? भाकरीवर येती ती?"

"तिच्यासारखीच."

"आमी टाकून देतो की ती."

"सगळेच टाकून देत होते."

यावर तिने बराच विचार केला. तेवढ्यात दारात थोरली सून जेवण घेऊन आली. तिने उंबऱ्याबाहेरून माझ्या हातावर वरून भाकरी सोडली, हाताला हात लागू नये म्हणून. मला ती झेलता आली नाही. भाकरी जमिनीवर पडली.

"येवढी शिकलीस," थोरली म्हणाली, "अन् झेलायला न्हाई शिकलीस व्हय?"

दुसरी भाकरी मी दोन्ही हातांनी झेलली. जेवताना मी पुन्हा विचारायला लागले. थोरलीला किती मुलं, लग्नाला किती वर्षं झाली, हार करताना बोटं दुखतात का. धाकटी उत्तरं देत होती, पण एकेका शब्दात. शेवटी तिने ताटली बाजूला ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "ताई, मी म्हैन्यातनं ह्ये तीनच दिस पोटभर निजते. पहाटे तीनला फुलं तोडायला उठावं लागतं आमास्नी." आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली. अजून पुरता अंधारही पडला नव्हता.

मी ओशाळले. बराच वेळ माझ्या प्रमाणपत्रांची गुंडाळी मांडीवर घेऊन बसले. ती खोली म्हणजे शिक्षा असं मी समजून चालले होते. शिक्षा तर ती होतीच. पण ती त्या घरातली एकमेव जागा होती जिथे या मुलीला कुणी हाक मारत नव्हतं. हा रिवाज चांगला होता असं मी तुम्हाला सांगत नाही. मी जे पाहिलं ते सांगते.

सकाळी दाराबाहेर गरम पाण्याचं घंगाळ ठेवलेलं होतं. मी नाहून, केस पिळून, धुतलेलं पातळ नेसून पिंपरीकडे निघाले. टांगा मिळाला.

मुलाखतीला तीन गृहस्थ होते. मुख्य प्रश्न विचारत होते ते प्रयोगशाळेचे अधिकारी, उंच, चष्मा कपाळावर सरकवलेला. रसायनशास्त्राचे प्रश्न मला सोपे गेले. मग ते इंग्रजीत म्हणाले की इथे एक निर्जंतुक खोली आहे. तिच्यात जाण्याआधी आंघोळ करावी लागते, कपडे बदलावे लागतात, आत गेल्यावर बाहेरच्या कशालाही हात लावता येत नाही, वस्तूसुद्धा झरोक्यातून दुसऱ्याने ठेवायची. "मुली दोन दिवसांत कंटाळतात. तुम्हाला जमेल?"

मी म्हटलं, "जमेल. मला थोडी कल्पना आहे."

"कुठून?"

आता तीन पुरुषांना मी काय सांगणार होते? "घरून," एवढंच म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी लेखणी खाली ठेवली. "आता खरा प्रश्न. राहणार कुठे? आमच्याकडे पुरुषांसाठी सोय आहे, मुलींसाठी अजून नाही. याआधी दोघींना निवडलं होतं. एक चार दिवस पुण्याहून आली आणि सोडून गेली. दुसरीला इथे कुणी खोलीच दिली नाही. तिसऱ्यांदा मी तेच करणार नाही."

"मला चिंचवडला खोली आहे," मी म्हटलं.

"किती दिवसांसाठी?"

माझ्या कार्डावर एक रात्र लिहिलेली होती आणि ती संपली होती. मी प्रमाणपत्रांची गुंडाळी सरळ करू लागले. ते बहुधा सगळं समजले. "आज चार वाजेपर्यंत घरमालकाचं लेखी आणा, महिनोन्महिने राहता येईल असं. आणलंत तर जागा तुमची. नाहीतर यादीत पुढचं नाव आहे."

मी परतताना टांग्याची वाट पाहिली नाही. चालत निघाले आणि वाटभर बोलायची वाक्यं जुळवत होते. ओटीवर मावशी तशाच ओवत बसल्या होत्या. मी नाहलेली असल्याने या वेळी पायरी चढू दिलं. मी सगळं सांगितलं.

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "एक रात मास्तरांच्या शब्दाखातर दिली. ती काय धर्मशाळा हाय? माझ्या सुनांनी मग कुठं बसायचं, रस्त्यावर?"

"त्या असतील तेव्हा मी त्यांच्यासोबत राहीन. कालच्यासारखी."

"तू राहशील. त्यास्नी चालंल का?" त्यांनी दोन फुलं ओवली. "मला इचारू नगंस. माझं ते दिस सरलं. मी त्या खोलीत पाय ठिवून सा वर्सं झाली. तिला इचार, जी बसलीया तिला."

मी मागच्या अंगणात गेले. आता मी नाहलेली आणि धाकटी बसलेली, तेव्हा मला उंबरा ओलांडता येत नव्हता. मी बाहेर दगडावर बसले. दार अर्धं उघडं होतं. मनातून मला खात्री होती की ती हो म्हणेल. काल आम्ही एका घोंगडीवर निजलो होतो, एकत्र जेवलो होतो. मी माझी सगळी जुळवलेली वाक्यं बोलून टाकली.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं."

सावली विहिरीच्या कठड्यावरून खाली उतरली होती. एक वाजून गेला असणार. मला प्रथमच वाटलं की ही नाही म्हणेल आणि तिचं बरोबरच असेल.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "तू काल लई इचारलंस."

"हो."

"तू सकाळी गेलीस, तवा मी निजले. ते आता उठले. हितं तुझी कायमची वस्ती झाली म्हंजी तू रोज इचारणार."

"नाही विचारणार."

"ऱ्हावंल तुला?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "प्रयत्न करीन."

"प्रयत्न न्हाई. माझ्या तीन दिसांत बोलायचंच न्हाई. दिवसा खोली माझी एकटीची. सांजच्याला यायचं, गप निजायचं, सकाळी जायचं."

"चालेल."

"जेवलीस का, ह्येबी न्हाई."

"नाही."

"बरं वाटतंय का, ह्येबी न्हाई."

"बरं."

"आता कबूल हाय म्हनून मान हलव. तोंडानं बोलू नगंस. बघू जमतंय का."

मी मान हलवली. दाराच्या फटीतून तिने पाहिलं असणार, कारण ती खुदकन हसली आणि घराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "आत्याबाई, द्या तिला खोली."

मावशींना लिहिता येत नव्हतं. त्या टोपली खाली ठेवून माझ्याबरोबर पोस्टात आल्या. पोस्टमास्तरांनी कोरा कागद घेतला, समास आखला आणि लिहायला लागले. 'खोलीचे वर्णन' पाशी त्यांची लेखणी थांबली. त्यांनी मावशींकडे पाहिलं, मावशींनी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांनी तेच शब्द लिहिले: स्वतंत्र दार, आतून कडी, विहीर जवळ. मावशींनी अंगठा उठवला आणि फुलांसाठी घरी गेल्या.

मी कागद वाळवत असताना विचारलं, "तुम्हाला ती खोली कशाची ते ठाऊक होतं ना?"

पोस्टमास्तर शिक्के लावत होते. मान वर न करता म्हणाले, "या गावात एकट्या मुलीला आतून कडी लावून झोपता येईल अशी तेवढी एकच खोली मला माहीत आहे. तुम्ही त्याच वेळी याल आणि तीही बसलेली असेल, हे मला कसं कळणार?"

पावणेचारला मी कागद अधिकाऱ्यांपुढे ठेवला. मराठी त्यांना वाचता येत होतं. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, "स्वतंत्र दार, छान," असं म्हणून फाइलीत लावला आणि सोमवारी यायला सांगितलं.

त्या खोलीत मी सव्वा वर्ष राहिले. धाकटीची अट मी पाळली. न विचारता माणसाविषयी किती कळतं याचं मला नवल वाटे. ती पहिल्या दिवशी नुसती झोपे. दुसऱ्या दिवशी केस विंचरे, फार सावकाश, जणू दुसऱ्या कुणाचे. तिसऱ्या दिवशी दार उघडं ठेवून बसे आणि विहिरीवर कोण आलं ते पाही. चौथ्या दिवशी नाहून घरात गेली की ती माझ्याशी ओटीवर पोटभर बोले, बुरशीचं काय झालं ते विचारी. एकदा मी तिला कारखान्याच्या फाटकापर्यंत नेलं. तिने चिमणी पाहिली आणि म्हणाली, "धूर न्हाई की येत." मी म्हटलं, औषधाच्या कारखान्याला फार धूर नसतो. ते तिला पटलं नाही.

थोरलीची पाळी मात्र मी विसरूनच गेले होते. पहिल्या महिन्यात एका संध्याकाळी मी कामावरून आले, दार ढकललं, आत कुणीतरी आहे असं पाहिलं आणि अटीप्रमाणे गप्प, पाऊल न वाजवता, माझ्या बाजूच्या कांबळ्यावर जाऊन बसले. मग थोरलीचा आवाज आला.

"तोंडात काय धरलंयस? सकाळधरनं मी एकली बसलीया, कुनी बोलाया न्हाई. सरक अशी हिकडं. अन् इचार आता काय इचारायचं ते."